प्रबंध स्कॅन झाला. जतन झाला का?

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका, सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये असा तिचा विस्तार आहे. गडचिरोलीच्या किंवा इंफाळच्या महाविद्यालयातील अध्यापकाला दिल्ली-मुंबईच्या बरोबरीने ताजे संशोधन वाचता यावे, हा हेतू उत्तम आहे आणि योजनेचे मी स्वागतच करतो. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जो भेद शिकवला जातो, तो साठा आणि प्रवाह यांतला भेद, येथे विसरून चालणार नाही. पूर्वी ग्रंथालय संशोधनपत्रिकेची वर्गणी भरी, तेव्हा वर्षअखेरीस बारा अंक बांधून कपाटात ठेवले जात. पुढच्या वर्षी पैसे संपले तरी ते बारा अंक कपाटातच राहत. आज वर्गणी भरून मिळतो तो वाचनाचा हक्क; अंक प्रकाशकाच्या सर्व्हरवर राहतो. घर विकत घेणे आणि भाड्याने घेणे यांत जितका फरक आहे, तितकाच हा फरक आहे. भाड्याने राहण्यात वावगे काहीच नाही. फक्त सामान कुठे ठेवले आहे याची आठवण ठेवावी लागते.

प्रकाशक मोठे आहेत, ते सांभाळतीलच, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यावर दोन पाहण्या वाचण्यासारख्या आहेत. मार्टिन ईव्ह यांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कायमस्वरूपी ओळखक्रमांक (डीओआय) मिळालेल्या सुमारे ७४ लाख संशोधनलेखांची तपासणी केली. त्यांपैकी २० लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे २८ टक्के लेख, कोणत्याही ज्ञात जतनभांडारात आढळले नाहीत. ते लेख आज नष्ट झाले आहेत असा याचा अर्थ नव्हे. प्रकाशकाचा सर्व्हर उद्या बंद पडला तर त्यांना दुसरा आधार नाही, एवढाच अर्थ आहे. दुसरी पाहणी मिकाएल लाक्सो व त्यांच्या सहकाऱ्यांची. २००० ते २०१९ या काळात, कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या पावणेदोनशेच्या आसपास संशोधनपत्रिका इंटरनेटवरून पूर्णपणे नाहीशा झाल्याचे त्यांना आढळले. त्यांत विद्यापीठांनी व विद्वत्संस्थांनी चालवलेल्या छोट्या पत्रिकांचा भरणा मोठा होता. संपादक निवृत्त होतो, विभागप्रमुख बदलतो, संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण करायचे राहून जाते, आणि वीस वर्षांचे अंक एका रात्रीत नाहीसे होतात. यासाठी आग लागावी लागत नाही की पूर यावा लागत नाही.

आपल्या कार्यालयीन भाषेत 'डिजिटायझेशन' आणि 'जतन' हे दोन शब्द समानार्थी झाले आहेत. माझ्या मते या विषयातील निम्मे नुकसान या एका गैरसमजाने झाले आहे. काही वर्षांपूर्वी एका मंत्रालयात असताना, १९९० च्या दशकातील एका समितीच्या अहवालाची गरज पडली. छापील अहवाल ग्रंथालयात व्यवस्थित होता. पण ज्या कोष्टकांवर समितीचे निष्कर्ष उभे होते, ती परिशिष्टे मागच्या मुखपृष्ठाच्या खिशात ठेवलेल्या तीन फ्लॉपींवर होती. कागद वाचवण्याची ती तेव्हाची आधुनिक युक्ती. फ्लॉपी वाचणारे यंत्र इमारतीत नव्हते. ते नेहरू प्लेसमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मिळाले. तीनपैकी दोन फ्लॉपी वाचता आल्या. त्यांवरच्या फायली लोटस या तेव्हाच्या कोष्टकप्रणालीतल्या होत्या; त्याही एका तरुण सहकाऱ्याने आजच्या एका विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. आणि मग पडद्यावर जे आले ते असे : सत्तेचाळीस स्तंभ, त्यांची शीर्षके 'व्ही १' ते 'व्ही ४७', आणि खाली हजारो आकडे. कोणता स्तंभ जमीनधारणेचा, कोणता कर्जाचा, हे सांगणारी संकेतसूची कोणत्याही फाईलीत लागली नाही. आकडे सर्व होते, माहिती काहीच नव्हती.

या एका प्रसंगात डिजिटल जतनाच्या तिन्ही पायऱ्या आल्या आहेत. पहिली पायरी माध्यमाची : फ्लॉपी, सीडी, फीत, चकती. यांतले काहीही शंभर वर्षे टिकेल असे धरून चालू नये, आणि माध्यम टिकले तरी ते वाचणारे यंत्र टिकत नाही. मोठ्या संस्था आज ज्या एलटीओ चुंबकीय फिती वापरतात, त्यांची आठव्या पिढीची यंत्रे फक्त एक पिढी मागची फीत वाचू शकतात. म्हणजे ठरावीक वर्षांनी सर्व साठा नव्या फितींवर उतरवून घेणे हे जतनाचे नित्यकर्मच आहे. दुसरी पायरी फाईलीच्या रचनेची. ही अडचण ओळखूनच दीर्घकालीन जतनासाठी 'पीडीएफ-ए' हे प्रमाण २००५ साली ठरवण्यात आले. त्यात फाँटसकट सर्व काही फाईलीच्या आतच असावे लागते, बाहेरच्या कशावरही ती अवलंबून राहू शकत नाही. तिसरी पायरी अर्थाची, आणि ती सर्वांत अवघड. यावर सर्वांत आधी नीट विचार केला तो अंतराळसंस्थांनी. उपग्रहाने पाठवलेले आकडे तीस वर्षांनी कोण वाचणार आणि त्याला काय काय ठाऊक असणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचाच होता. त्यांच्या समितीने तयार केलेला ओएआयएस हा आदर्श आराखडा २००३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. त्याचा गाभा असा की भांडाराने केवळ वस्तू ठेवू नये. ती वस्तू समजण्यासाठी लागणारे ज्ञानही सोबत ठेवावे, आणि वाचक बदलत जातील तसतसे तेही वाढवत जावे.

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. कागद उत्तम, शाई उत्तम, अक्षर वळणदार. पण मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरत चालले आहेत. तंजावरच्या मोडी कागदांची अवस्था निराळी नाही. माध्यम टिकले आणि वाचक गेला, असा प्रसंग संगणकाच्या आधीही आपल्यावर येऊन गेला आहे. फरक वेगाचा आहे. मोडीला दुर्बोध व्हायला दोन पिढ्या लागल्या. १९९० च्या दशकातल्या मराठी संगणकीय मजकुराला पंधरा वर्षे पुरली.

याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत ही अडचण क्वचितच येते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी प्रबंध, लेख, स्मरणिका सर्व काही छपाईसाठी बनवलेल्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. भारतीय मानक ब्युरोचे इस्की प्रमाण १९९१ पासून होते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण बाजारातील प्रत्येक विक्रेत्याने आपली अक्षरे आपल्या सोयीच्या क्रमाने रोमन अक्षरांच्या जागी बसवली. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची ती एक खिचडी होती, आणि विशिष्ट फाँटचा चष्मा लावला तरच ती मराठी दिसे. तो फाँट, त्याची नेमकी आवृत्ती आणि त्याचे कुलूप-किल्लीचे सॉफ्टवेअर गेले की उरते ती खिचडी. आज शोधगंगेवर असे कितीतरी मराठी व हिंदी प्रबंध आहेत, ज्यांची पाने डोळ्यांना नीट दिसतात, पण शोधचौकटीत 'दुष्काळ' हा शब्द घातला तर एकही प्रबंध हाताला लागत नाही. प्रबंध भांडारात आहे, सूचीत आहे, आणि तरीही आतून मुका आहे.

शोधगंगेचा उल्लेख आला, म्हणून तिच्या वाट्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय स्वरूपात देणे आवश्यक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने देशभरातील प्रबंधांचे भांडार उभे केले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. त्यापूर्वी प्रबंध विद्यापीठाच्या तळघरात धूळ खात असे, आणि परीक्षक सोडल्यास तो कोणी वाचत नसे (परीक्षकही वाचत असतीलच असे नाही). हे काम मोठे आहे. माझा प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे : पाच लाख प्रबंध एका छत्राखाली आले की त्यांचे भवितव्यही एकाच छत्राशी बांधले जाते. एका संस्थेने केलेल्या दोन-तीन प्रती यंत्र बिघडण्यापासून वाचवतात. निधी थांबणे, धोरण बदलणे, एखादा न्यायालयीन आदेश किंवा सायबर हल्ला यांपासून त्या वाचवू शकत नाहीत, कारण या संकटांच्या वेळी त्या सर्व प्रती एकाच हाताखाली असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर झालेल्या हल्ल्यानंतर तिथल्या अनेक सेवा महिनोन्महिने बंद होत्या, आणि ब्रिटनमधील पीएच.डी. प्रबंधांची सेवा त्यांतच अडकली होती. ती जगातील अत्यंत दक्ष ग्रंथालयांपैकी एक आहे.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. सरकारी पैशातून लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठीतील दुर्मिळ ग्रंथ विपुल होते. नावांचे रोमन लेखन मनाला येईल तसे, पाने कुठे गळलेली, कुठे तिरपी. पण जे होते ते अन्यत्र कुठेही नव्हते. स्वामित्वहक्काच्या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. आज बडोद्यात किंवा बोस्टनमध्ये बसून तुम्ही-आम्ही ती पुस्तके वाचतो, ती कार्ल मालमुद या अमेरिकन गृहस्थांनी त्यांतली काही लाख पुस्तके उतरवून 'इंटरनेट आर्काइव्ह'वर ठेवली म्हणून. ही गोष्ट आपल्या शासनव्यवस्थेच्या दृष्टीने अभिमानाची नाही. योजनेत जतनाची तरतूद नव्हती. एका परक्या माणसाच्या खटाटोपाने ते घडले.

अनेक प्रती, अनेक ठिकाणी, अनेक हातांत : स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या लॉक्स या प्रकल्पाचे तत्त्व हेच आहे. त्यात सहभागी ग्रंथालये आपापल्या साध्या संगणकांवर त्याच संशोधनपत्रिकांच्या स्वतंत्र प्रती ठेवतात. ठरावीक काळाने हे संगणक आपापल्या प्रतीची गणिती मुद्रा, म्हणजे चेकसम, एकमेकांना विचारतात. बहुसंख्यांशी जिची मुद्रा जुळत नाही ती प्रत बिघडलेली समजून इतरांवरून दुरुस्त केली जाते. याच पायावर उभ्या असलेल्या क्लॉक्स या संस्थेच्या प्रती जगातील निरनिराळ्या विद्यापीठांत बंदिस्त असतात, आणि एखादी संशोधनपत्रिका तिच्या प्रकाशकाकडून मिळेनाशी झाली की त्या सर्वांना खुल्या केल्या जातात. कोणा एकाचा शब्द प्रमाण नाही, मूळ प्रत अशी एक नाही, तरी पाठ शुद्ध राहतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, किंवा भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आणलेल्या शेकडो हस्तलिखितांची जुळणी झाली, ती याच भरवशावर. प्रती विखुरलेल्या होत्या म्हणूनच चूक कुठे शिरली ते कळू शकले. सर्व पोथ्या एकाच मठात असत्या तर लेखनिकाची चूक हाच मूळ पाठ ठरला असता.

आता कायद्याकडे वळतो. १९५४ चा पुस्तके व वृत्तपत्रे प्रदान अधिनियम असे सांगतो की भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवावी. मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालय हे त्यांपैकी एक. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. दंडाची रक्कम सोडून देऊ. खरी उणीव अशी की ज्याला कागदच नाही अशा प्रकाशनाची या कायद्याला ओळख नाही. ब्रिटनने २००३ साली कायदा बदलला आणि २०१३ च्या नियमांनी डिजिटल प्रकाशने त्याच्या कक्षेत आणली. याउलट आपला १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आश्चर्य वाटावे इतका दूरदर्शी आहे. संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही 'अभिलेख' होय, असे त्याने व्याख्येतच म्हटले आहे, आणि केंद्र सरकारच्या पैशावर प्रामुख्याने चालणाऱ्या वैधानिक संस्थाही त्याच्या कक्षेत घेतल्या आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे केंद्रीय विद्यापीठातील सरकारी खर्चाच्या पाहणीची मूळ आकडेवारी हाही सार्वजनिक अभिलेखच ठरतो, आणि तो नियमाबाहेर नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राध्यापकाच्या निवृत्तीनंतर त्यांचा संगणक 'निर्लेखित' करून भंगारात काढताना आतल्या फायलींचे काय, असे विचारणारा अभिलेख अधिकारी मात्र मला अजून भेटायचा आहे.

पैशांचा प्रश्न शेवटी येतोच. २०१० साली अमेरिकेत एका कृतिगटाने डिजिटल जतनाच्या अर्थशास्त्रावर अहवाल दिला. ब्रायन लॅव्हॉय हे अर्थतज्ज्ञ त्याचे एक सहअध्यक्ष होते. जतनासाठी जतन कोणालाच नको असते, हवा असतो तो उपयोग. म्हणून जतनाची मागणी ही साधित मागणी असते. उपयोग करणारे अजून जन्मलेलेही नसतात, आणि एकाने जतन केले की इतर सर्व फुकट लाभ घेऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. यात मी एका हिशेबाची भर घालतो. दहा टक्के वटावदराने पन्नास वर्षांनंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य एक पैशाहूनही कमी भरते. म्हणजे नेहमीच्या लाभ-व्यय विश्लेषणात कोणताही जतनप्रकल्प कधीच पास होणार नाही. ज्यांना प्रत्येक योजनेला हेच माप लावण्याची सवय आहे, त्यांनी सांगावे की पुराभिलेखागाराची इमारत कोणत्या वटावदराने मंजूर झाली होती.

अर्थसंकल्पाची रचनाही जतनाला प्रतिकूल आहे. स्कॅनर, सर्व्हर, उद्घाटन हे सर्व भांडवली खर्चात सुखाने बसते. निविदा पानांच्या दराने निघते, प्रगती पानांच्या संख्येने मोजली जाते. दहा वर्षांनी फाईल उघडते का, हे मोजण्याचा रकाना कोणत्याही प्रगतिपत्रकात मी पाहिलेला नाही. जतनाचा खर्च मुख्यतः माणसांचा असतो आणि तो दरवर्षी करावा लागतो. योजना आणि योजनेतर हा भेद २०१७-१८ पासून संपला, पण 'योजनेतर' या शब्दाला चिकटलेली उपेक्षा संपलेली नाही.

क्षमता नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या सी-डॅकमध्ये केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र उभे राहिले आणि तेथे 'डिजिटालय' ही प्रणाली तयार झाली. तिच्या आधारे चालणाऱ्या, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील दृक्-श्राव्य सांस्कृतिक अभिलेखागाराला नोव्हेंबर २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडाराचे आयएसओ १६३६३ हे प्रमाणपत्र मिळाले. ते मिळवणारे ते जगातील पहिले भांडार. हे यश वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले नाही, याचे मला नवल वाटत नाही. त्याची पुनरावृत्ती संशोधनाच्या क्षेत्रात का झाली नाही, याचे मात्र वाटते.

माझी सूचना मर्यादित आहे. 'एक राष्ट्र, एक वर्गणी'च्या पुढील करारांत, वर्गणीच्या काळातील अंकांची प्रत भारतातील भांडारात ठेवण्याची अट प्रकाशकांना घालावी. तेरा हजार संशोधनपत्रिकांच्या एकगठ्ठा ग्राहकाला एवढे मागण्याचे बळ नक्कीच आहे. योजनेच्या रकमेचा एक टक्का, म्हणजे तीन वर्षांत ६० कोटी रुपये, जतनासाठी वेगळ्या लेखाशीर्षाखाली ठेवावा. त्यातून शोधगंगेच्या स्वतंत्र प्रती देशाच्या निरनिराळ्या भागांतील सहा-सात विद्यापीठांत, त्यांच्या स्वतःच्या नियंत्रणाखाली, ठेवाव्यात. सर्व एकाच संस्थेच्या, एकाच कंत्राटदाराच्या किंवा एकाच भूकंपक्षेत्रातल्या नसाव्यात. देशी भाषांतील जुन्या फाँटमधील प्रबंध युनिकोडमध्ये आणण्याचे काम भाषाविभागांच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन करून घेता येईल. स्वामित्वहक्काचा अडसर येथे येत नाही. सर्वांना वाचायला देणे वेगळे आणि कुलूप लावून जपून ठेवणे वेगळे, हा भेद कायद्यात स्पष्ट करता येतो.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना एक निराळीच विनंती आहे. बडोदे, हैदराबाद, वाराणसी येथील विद्यापीठांच्या मराठी विभागांत जे प्रबंध लिहिले गेले, ते महाराष्ट्रातील कोणत्याही संस्थेच्या जबाबदारीत येत नाहीत, आणि त्या त्या राज्यांच्या अग्रक्रमातही मराठी नसते. २००९ च्या आधीचे असे प्रबंध, मराठी मंडळांच्या स्मरणिका, स्थानिक मराठी समाजाच्या इतिहासाची टिपणे यांच्या सीडी अनेक घरांतल्या कपाटांत असतील. त्या फेकू नयेत, आणि तशाच ठेवूनही देऊ नयेत. यंत्र मिळते आहे तोवर त्यांवरच्या फायली उतरवून घ्याव्यात, पीडीएफ-ए करून दोन वेगळ्या गावांतील दोन व्यक्तींकडे द्याव्यात, आणि मूळ फाईलीसोबत एका साध्या कागदावर इतके लिहून ठेवावे : कोणी लिहिले, कोणत्या वर्षी, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फाँटचे नाव काय होते.